प्रभाग बिनविरोध करा म्हणणाऱ्या माझ्या गावच्या वडीलधाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय आबा, काका आणि माझ्या घरी आलेली सर्व वडीलधारी मंडळी,

सादर नमस्कार.

मंगळवारी छाननीत नगरपंचायत निवडणुकीचा माझा अर्ज वैध ठरला आणि त्याच संध्याकाळी तुम्ही पाच जण घरी आलात. आबा चपला काढून आत आले, खाटेवर टेकले आणि चहा संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “सूनबाई, या घराकडं आजवर काही मागितलं नाही. शुक्रवारी अर्ज काढून घे. प्रभाग बिनविरोध होऊ दे.”

मी गप्प बसले. मामंजी असते तर त्यांनी उत्तर दिले असते. मोठ्यांपुढे उलट बोलायचे नाही हे अंगात मुरलेले आहे, आणि बोलता बोलता माझा कंठ दाटला असता तर तुम्ही तोच होकार समजला असता. जाताना काका उंबऱ्यात म्हणालेच, “ऐकेल ती, शहाणी आहे.” काका, मी तेव्हा हो म्हटले नव्हते आणि आजही म्हणत नाही. माघारीची मुदत शुक्रवारी, २१ नोव्हेंबरला दुपारी तीनपर्यंत आहे. माझा अर्ज त्यानंतरही राहणार आहे.

हे घरी येऊन सांगता आले असते. पण तुम्ही माझ्याकडे जे मागितले ते माझ्या एकटीच्या मालकीचे नाही, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असे लिहिते आहे. आपल्या प्रभागात सातशेच्या वर मतदार आहेत. मी अर्ज काढला की एकच अर्ज उरतो. मग २ डिसेंबरला हे सातशे जण केंद्रावर जातील ते नगराध्यक्षाला मत द्यायला. प्रभागाच्या सदस्यासाठी त्यांना कुणी विचारणारच नाही. त्यांच्यातल्या एकालाही न विचारता हे आपण सहा जणांनी चहाच्या कपावर कसे ठरवायचे?

तुमची काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. २०१७ ची निवडणूक मीही पाहिली आहे. आमच्याच गल्लीतली दोन चुलत घरे तेव्हापासून एकमेकांच्या दारात गेलेली नाहीत. गेल्या वर्षी एका घरात लग्न झाले, तर मांडव दुसऱ्या घराच्या भिंतीला लागून असूनही त्यांना पत्रिका नव्हती. मतदानाच्या आदल्या रात्री कुणाच्या घरी काय पोचले हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सकाळी गटारीत रिकाम्या बाटल्या अडकून पाणी तुंबले होते आणि ती गटार आम्ही बायकांनी काठीने मोकळी केली. आबा, तुम्ही “पुन्हा ते नको” म्हणता तेव्हा मला तीच गटार आठवते.

पण त्या पंधरा दिवसांत पाण्यावर कुणी बोलल्याचे तुम्हाला आठवते का? मला आठवत नाही. कोण कुणाचा, कोणत्या भावकीची किती मते, कोण फुटला, एवढेच चालले होते. भांडण झाले, पण ते गावाच्या कामावरून झालेच नाही. तेव्हा आता मतदानच नको असे तुम्ही म्हणता. मी म्हणते, निदान एकदा तरी कामावरून मतदान होऊ द्या.

मला इतका आग्रह का, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा इथे ग्रामपंचायत होती. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, पण ग्रामसभा त्यांनी चुकवली नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार तारखा त्यांच्या बोटांवर होत्या. पहिल्या वर्षी गांधी जयंतीला त्या मला सोबत घेऊन गेल्या. मारुतीच्या पारासमोर सतरंजी, एक टेबल, दोन खुर्च्या. ठराव वाचून झाले, लोक उठायला लागले, तेवढ्यात सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वरच्या आळीच्या हापश्याची साखळी तुटून तीन महिने झाले. ती कधी बसणार ते वहीत लिवा, आन् मला वाचून दाखवा.” हसले काही जण. पण ग्रामसेवकांना ते लिहावे लागले आणि मोठ्याने वाचावेही लागले. पुढच्या आठवड्यात साखळी बसली. आबा, तुम्ही त्या टेबलाशी होतात. तुम्ही हसला नव्हतात, तेही मला आठवते.

२०१६ साली ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. राज्यभरात त्या काळात कितीतरी गावांचे असेच झाले. आपण पेढे वाटले, कमानीवरची पाटी बदलली. निधी वाढेल म्हणाले, आणि थोडा वाढलाही. घरपट्टीही वाढली. पण त्या दिवशी ग्रामसभा संपली याचा विचार आपल्यापैकी कुणी केला नाही. ग्रामपंचायत असताना कुठल्याही बाईला वर्षातून चार वेळा उभे राहून विचारता येत होते. नगरपंचायतीत ते सतरा नगरसेवकांमार्फतच विचारायचे. आपला प्रश्न सभागृहात जायचा तर आपला सदस्य बोलका हवा.

मग २०२२ उजाडले, सभागृहाची मुदत संपली आणि सदस्यही राहिले नाहीत. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात, निवडणुका लांबलेल्या, आणि साडेतीन वर्षे प्रशासकांचा कारभार. त्या खटल्यातल्या बरोबर-चुकीवर मी बोलत नाही, आरक्षणाचा हक्क ज्यांचा त्यांना मिळायलाच हवा. पण या साडेतीन वर्षांत पाण्यासाठी कुणाच्या दारात जायचे हे आम्हाला कळत नव्हते. माजी नगरसेवक म्हणत, आता आमच्या हातात काही नाही. कार्यालयात म्हणत, साहेब बैठकीला गेलेत. ६ मे २०२५ ला न्यायालयाने निवडणुका घ्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे गाडी हलली. आता २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचे मतदान लागले आहे आणि त्यात आपण आहोत.

आधी ग्रामसभा गेली, मग सभागृह गेले. इतक्या वर्षांनी मतदान आले आहे, तर तेही नको म्हणता?

वरच्या आळीला पाणी आठव्या दिवशी येते हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमची घरे पेठेत, टाकीच्या उतारावर आहेत, म्हणून ती रात्र कशी असते ते लिहिते. पाणी कधी दीडला येते, कधी साडेतीनला. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या पोरालाही आधी माहीत नसते, वीज असेल त्यावर त्याचा हिशेब. मग गल्लीत एक बाई जागी राहते. पाळी लावलेली आहे, आठवड्याला एकीची. नळाला आधी नुसती हवा येते, सुं करून आवाज होतो. तो आवाज आला की जागी असलेली बाई ताटावर पळी वाजवते आणि सगळी गल्ली उठते. चाळीस मिनिटे. ज्यांच्याकडे मोटार आहे ते मोटार लावतात आणि टोकाच्या तीन घरांची धार करंगळीएवढी होते. त्या तीन घरांत एक बाळंतीण आहे. मागच्या पाळीला मी तिच्या दारात चार घागरी ठेवून आले. सकाळी सहाला गिरणी उघडायची होती, झोप अशी झालीच नाही.

गिरणीत मी चौदा वर्षे आहे. दळण टाकून बाई बसते आणि पट्ट्याच्या आवाजात मोकळेपणाने बोलते, बाहेर ऐकू जात नाही म्हणून. त्या बोलण्यातूनच मी उभी राहिले. कुणी पक्षाने बोलावले नाही, आणि पक्षाच्या उमेदवारीचा कागद, तो एबी फॉर्म, मी मागायलाही गेले नाही. अर्ज भरायचा ठरला तेव्हा सूचक म्हणून सह्या करणाऱ्या सगळ्या याच गिरणीतल्या. एकीने आयुष्यात पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली, दोन दिवस डब्याच्या झाकणावर पीठ पसरून बोटाने गिरवत होती. आबा, मी अर्ज काढला तर त्या बाईला काय सांगू?

अर्जासाठी काय काय लागते हे मलाही आधी माहीत नव्हते. घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली नाही याचा दाखला, शौचालय वापरात असल्याचा कागद, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्ये झालेली नाहीत हे लिहून देणे, मालमत्तेचे आणि गुन्हे असल्या-नसल्याचे शपथपत्र, निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते. अर्ज आधी संगणकावर भरायचा, मग छापून नेऊन द्यायचा. मतदार यादीत माझ्या नावात एक काना कमी, त्यासाठी दोन हेलपाटे झाले. हे कौतुकासाठी सांगत नाही. काकांनी विचारले होते ना, “हे खूळ कुणी भरवलं?” खुळासाठी माणूस तीन दिवस गिरणी बंद ठेवून रांगेत उभे राहत नाही, काका.

दुसरी गोष्ट पेव्हर ब्लॉकची. आमच्या गल्लीत पाच वर्षांत दोनदा ब्लॉक बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा पहिले चांगले होते. मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. महिन्याभरात कागद मिळाला, त्याबद्दल कार्यालयाची मी आभारी आहे. कागदावर लांबी ८४ मीटर. मुलाने आणि मी सुताराकडून टेप आणून गल्लीच्या तोंडापासून पिंपळापर्यंत मोजले, तर ६१ भरले. दोनदा मोजले. माझी समजूत चुकलीही असेल, आत कुठे बोळ धरली असेल. म्हणून मी कुणावर आरोप करत नाही. पण हे ८४ कुठून आले, एवढा प्रश्न सभागृहात विचारायला एक माणूस हवा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहिले जायला हवे. सासूबाई म्हणत तसे, वहीत.

आता तुम्ही ज्यांचे नाव पुढे केले आहे त्या वहिनींबद्दल. माझे त्यांच्याशी वैर नाही. त्यांच्या हातचा मसाला आमच्या घरी येतो. पण तुम्ही पाच जण पाऊण तास बोललात आणि त्या पाऊण तासात त्यांचे स्वतःचे म्हणणे एकदाही आले नाही. “दादा सगळं बघतील” असेच तुम्ही म्हणत होता. जागा सर्वसाधारण महिलेची आहे. २०११ पासून या राज्यात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्या दादांनी बघाव्यात म्हणून नव्हेत. बिनविरोध झाले तर वहिनींना एकाही दारात जावे लागणार नाही, एकाही बाईच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागणार नाही, आणि पाच वर्षे त्यांच्या सहीचा शिक्का दुसऱ्याच्या खिशात राहील. लढत झाली तर त्या बोलतील. मला वाटते त्या चांगले बोलतील. बचत गटाच्या बैठकीत त्यांनी बँकेच्या साहेबांना व्याजाचा हिशेब विचारला होता, मी तिथे होते. त्यांनी मला हरवले तर पहिला हार मीच घालीन आणि दुसऱ्या दिवशी मोजमाप पुस्तिकेची प्रत त्यांच्या हातात देईन.

“लोकांना उमेदवार पसंत नसेल तर नोटा आहेच की,” असे तुमच्यापैकी एक जण म्हणाले. तो नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, कसा चालतो ते मी वाचून काढले. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली ठरवले, की स्थानिक निवडणुकीत नोटाला सगळ्यांत जास्त मते पडली तर कुणालाच निवडून आले असे जाहीर करायचे नाही, पुन्हा निवडणूक घ्यायची. हा फार मोठा अधिकार आहे. पण तो वापरायला मत पडायला हवे, आणि बिनविरोधात मतच पडत नाही. म्हणजे सातशेच्या सातशे जणांना नको असलेला माणूससुद्धा बिनविरोध निवडून येऊ शकतो. तुमच्या मनात तसे नाही हे मी जाणते, पण त्या शब्दाचा अर्थ तेवढा होतो.

बिनविरोधाची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातले उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातले खोंडामळी इथे ग्रामपंचायतीच्या पदांची बोली लागल्याचे बाहेर आले आणि आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. तिथेही पैसा देवळाला जाणार होता, गाव एक राहणार होते. वाईट हेतूने कुणी सुरुवात केली असेल असे मला वाटत नाही. आणि या आठवड्यात तर सोलापूर जिल्ह्यातल्या अनगरचे नाव घरोघरी झाले आहे. नवी नगरपंचायत, पहिलीच निवडणूक आणि सतराच्या सतरा सदस्य बिनविरोध. तिथले लोक आनंदात आहेत की गप्प आहेत, हे मतपेटीशिवाय कळणार कसे?

आता मला लिहायला जड जाते आहे ते. तुम्ही निघताना मंडळींपैकी एकांनी मला स्वयंपाकघराच्या दारापाशी बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, “पोरगा बारावी होऊन बसलाय ना? पाणीपुरवठ्यात कंत्राटी लावून देऊ. जानेवारीपासून.” त्यांचे नाव मी लिहिणार नाही आणि तक्रारही करणार नाही. त्यांना ते भल्याचेच वाटले असेल. मुलाने आतून ऐकले होते. रात्री जेवताना तो म्हणाला, “आई, तू काढून घेतलास तरी मी तिथं जाणार नाही.” वर्षभर घरी बसलेला मुलगा आहे तो. मला त्याच्या नोकरीची काळजी तुमच्यापेक्षा जास्त आहे. पण एवढे सगळ्यांना माहीत असावे म्हणून लिहिते : भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमात निवडणुकीतल्या लाचेची व्याख्या आहे आणि ती मत विकत घेण्यापुरती नाही. उमेदवारी मागे घेणे हासुद्धा निवडणुकीचा हक्क धरला आहे, आणि त्यासाठी आमिष दाखवणे ही लाच आहे. पुन्हा कुणाच्या स्वयंपाकघरात असे बोलू नका. ती बाई नाही म्हणू शकणार नाही अशा अडचणीत असेल.

माझ्याकडून मी लिहून देते. दारू वाटणार नाही, पाकिटे वाटणार नाही, जेवणावळ घालणार नाही. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. मी तो आयोगाला देईन आणि त्याची एक प्रत गिरणीच्या भिंतीला लावीन. निवडून आले तर प्रत्येक सभेनंतरच्या रविवारी गिरणीसमोर बसून काय ठराव झाले ते वाचून दाखवीन. कायद्याने ती ग्रामसभा होणार नाही, पण निदान लोकांना कानावर तरी पडेल. पाणी चोवीस तास आणीन असे मी म्हणणार नाही, कारण ते सदस्याच्या हातात नाही. व्हॉल्व्हचे वेळापत्रक लिहून चौकात लावणे मात्र हातात आहे, आणि मोटारी बंद करायला लावणे अवघड असले तरी तेही हातात आहे. त्यावरून माझ्याशी काही घरे बोलायची थांबतील. ती तयारी आहे.

तुम्हाला गावची एकी हवी आहे. तर माझी एक विनंती ऐका. २६ तारखेला चिन्हे मिळतील. त्यानंतरच्या शनिवारी, २९ नोव्हेंबरला संध्याकाळी बाजारतळावर प्रभागाची सभा तुम्ही बोलवा. आबांनी अध्यक्ष व्हावे. वहिनी आणि मी दोघी शेजारी बसू, वीस-वीस मिनिटे बोलू आणि मग लोक विचारतील तेवढी उत्तरे देऊ. घोषणा नाहीत, झेंडे नाहीत. कुणी आवाज चढवला तर आबांनी त्याला खाली बसवावे, आबांचे सगळे ऐकतात. २०१७ ला हे झाले असते तर कदाचित त्या लग्नाची पत्रिका शेजारच्या घरात गेली असती.

परवानगीचा अर्ज मी आजच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे देते आहे. खर्च वहिनींच्या आणि माझ्या हिशेबात निम्मा निम्मा धरू. सतरंज्या शाळेतून मिळतात का ते विचारते, नाहीतर गल्लीतून गोळा करू. आबांना जमिनीवर बसवत नाही, त्यांच्यासाठी खुर्ची मी घरून आणीन.

आपली,
वरच्या आळीची सून आणि आपल्या प्रभागातली अपक्ष उमेदवार
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५